आक्का बसेल अशी गाडी

"वैनी, वजन किती ओ तुमचं?"

शेजारच्या डॉक्टर कांबळ्यांनी कुंपणावरून हा प्रश्न टाकला तेव्हा मी दोरीवरचे कपडे काढत होते आणि आमचे हे व्हरांड्यात पेपर वाचत होते. ह्यांनी पेपर जरासुद्धा खाली केला नाही. परक्या बाईला तिचं वजन विचारणारा माणूस एकतर डॉक्टर असतो नाहीतर वेडा, आणि कांबळे दोन्ही होते, त्यामुळे ह्यांना काळजीचं कारण दिसलं नसावं.

मी म्हटलं, "पंचावन्न."

डॉक्टर घरात गेले आणि वजनकाटा घेऊनच बाहेर आले. "माणूस दाताचं आन् वजनाचं खरं सांगत न्हाय," असं म्हणत त्यांनी तो कुंपणावरून आमच्या अंगणात ठेवला. काट्यानं जे सांगितलं ते इथं लिहिण्याची गरज नाही. डॉक्टर मात्र टाळी वाजवून ओरडले, "झकास! आक्काएवढंच! मग येत्या ऐतवारी बसायचं गाडीत."

डॉक्टर सुखदेव कांबळे दातांना तारा बसवतात. बेळगावच्या टिळकवाडीत मी शिकवते त्या शाळेतल्या निम्म्या पोरींच्या तोंडात त्यांचं काम चमकताना दिसतं. वेडेवाकडे दात सरळ करायचे तर दर खेपेला तार एवढीशी आवळायची आणि महिनाभर वाट बघायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यामुळे कुठल्याही गोष्टीवर त्यांचं एकच उत्तर ठरलेलं असतं, "घाई न्हाय. हाड आपलं आपन सरकतंय." महापालिकेचं पाणी आलं नाही तरी हेच, आमच्या पुतण्याचं लग्न जमेना तेव्हाही हेच. स्वतःचं लग्न त्यांनी केलंच नाही. त्यांच्या बाबतीत हाड बहुधा जागचं हललं नसावं.

सिगारेट ओढणारा रोगी आला की डॉक्टर त्याला खुर्चीत आडवा करून, तोंडात कापूस कोंबून तासभर झापतात. बिचाऱ्याला उत्तरही देता येत नाही. पण बिडी ओढून दात काळे केलेला एखादा म्हातारा आला, तर त्याच्याशी एकदम मऊ. एकदा मी समोरच बसले होते. म्हाताऱ्याचे दात घासून झाल्यावर डॉक्टर मला म्हणाले, "ह्या डागावर मी शिकलोय बघा वैनी." ते खरंच होतं. आईबाप लवकर गेले. निपाणीत विड्या वळून मोठ्या बहिणीनं त्यांना वाढवलं, शिकवलं, डॉक्टर केलं. तीच ही आक्का.

आक्का आता सत्तरीला टेकली आहे आणि निपाणीच्या त्याच गल्लीत, त्याच खोलीत राहते. तिला बेळगावला आणून आपल्या बंगल्यात कायमची ठेवायची, एवढी एकच इच्छा डॉक्टरांना होती आणि ती काही केल्या पुरी होत नव्हती. आक्काचं म्हणणं, "गाडीत बसलं की माझी कंबर जाती." आयुष्यभर विड्यांचं सूप मांडीवर घेऊन वाकून बसलेली कंबर, तिच्यावर अविश्वास कोण दाखवणार? एकदा एसटीनं आणली, तर ती संकेश्वरला उतरून दुसऱ्या एसटीनं परत गेली. एकदा एका पेशंटची उंच जीप नेली, तर हत्तरगीपर्यंत तिनं असा काही विव्हळण्याचा सूर लावला की ड्रायव्हरनंच न विचारता गाडी माघारी वळवली.

आता डॉक्टरांची स्वतःची गाडी होती. पण ती म्हणजे दोन दारांची, लाल, बसकी जपानी स्पोर्ट्स कार. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी ती गोव्याच्या एका शौकिनाकडून जुनी विकत घेतली होती, आणि चाळीसच्या वर कधी चालवली नव्हती. काँग्रेस रोडवर सायकलवाले तिला मागं टाकून जाताना आत डोकावून बघत. तिचे शॉकअॅब्सॉर्बर तेल गाळू लागले तेव्हा डॉक्टरांच्या डोक्यात प्रकाश पडला. नवे घालायचेच आहेत, तर आक्काच्या कंबरेच्या मापाने घालू.

शहाण्या माणसानं अशा वेळी एखादी लांबरुंद आरामशीर गाडी घेतली असती. मी तसं म्हटलंही. डॉक्टर म्हणाले, "त्या गाडीत माणूस नुसतं डुलतंय. बनवणाऱ्यानं जसं केलंय तसंच बसायचं. आपल्याला हवं तसं करता येत न्हाय." मग त्यांनी माझ्या हातात जबड्याचा प्लास्टरचा नमुना देऊन, ते मागवणार होते ते कॉइलओव्हर म्हणजे काय ते समजावलं. शॉकअॅब्सॉर्बरच्या अंगावरच स्प्रिंग चढवलेली असते, अंगाला आटे असतात. आट्यांवरची रिंग फिरवली की गाडी वर किंवा खाली होते. टोकाला एक बटण असतं, ते फिरवलं की धक्का कडक किंवा मऊ. "म्हंजे गाडीला तारा बसवायच्या. चार चाकं, चार दाढा." जबडा मी परत दिला.

हे सामान शर्यतीवाले लोक वापरतात, गाडी खाली बसवायला आणि कडक करायला. पुण्याच्या दुकानदाराशी डॉक्टरांचं बोलणं झालं तेव्हा मी दवाखान्यात होते, कारण माझी अक्कलदाढ दुखत होती. फोन स्पीकरवर, आरसा माझ्या तोंडात.

"सर, ट्रॅक यूज आहे का स्ट्रीट यूज?"

"आक्का यूज."

 पलीकडून जरा आदरानं, "सर, हे कुठलं सर्किट?"

"निपाणी."

दुकानदारानं कडक स्प्रिंगा सुचवल्या, डॉक्टरांनी त्याच्याकडच्या सगळ्यात मऊ मागितल्या. तो म्हणाला, असल्या स्प्रिंगांवर रेस कशी मारणार? डॉक्टर म्हणाले, "रेस कोन मारतंय? भरल्या कपातला च्या सांडला न्हाय पायजे, तेवढं बघा."

खोकं आलं. उद्यमबागेतल्या मल्लाप्पा मिस्त्रीनं ते उघडून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "ब्याड्री डॉक्टरे, नको! हे रेसचं सामान. म्हातारीला ह्याच्यावर बसिवला तर पाठीचा मणका टोपीत येईल."

"कडक करता येतंय म्हंजे मऊबी करता येतंय की. बसीव तू."

मल्लाप्पाच्या हिशेबानं एका दुपारचं काम होतं. पण डॉक्टरांनी तिथंही दातांचा कायदा लावला. एका ऐतवारी पाव आटा, त्याच्यापेक्षा जास्त नाही. हातात रबरी मोजे, कपाळाला दिवा, आणि आतली रिंग दिसावी म्हणून दात बघायचा तो लांब दांड्याचा छोटा आरसा. चाक काढल्यावर त्या पोकळीला त्यांनी सवयीनं "आ करा" म्हटलं, असं मल्लाप्पा आजही शपथेवर सांगतो.

माझं काम आक्का होण्याचं. दर ऐतवारी मी त्या गाडीत बसायचे आणि डॉक्टर मला अनगोळच्या रस्त्यानं फिरवून आणायचे. "बोलू नका. बोललं की ध्यान जातंय. दुखलं तर डावा हात वर करा." खुर्चीतल्या रोग्याला सांगतात तेच मला. पहिल्या ऐतवारी माझा डावा हात खिडकीबाहेर सारखा वरच होता. नाक्यावरच्या दोन माणसांनी मला निवडणुकीची उमेदवार समजून नमस्कार केला, आणि एकानं गटाराचं सांगितलं. एका गतिरोधकावर तर माझे वरचे दात खालच्यांवर असे आपटले की डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टर म्हणाले, "दाताची काळजी करू नका, ते माझ्याकडं हैत. कंबर सांगा."

पुढच्या ऐतवारी त्यांनी बटण इतकं मऊ केलं की खड्डा कळेना, पण गाडी खड्डा गेल्यावरही बराच वेळ होकारार्थी मान हलवत राहिली आणि मला मळमळलं. मग वर, मग खाली, मग पुढची कडक, मागची मऊ. आमचे हे एकदा म्हणाले, "तुझ्या कंबरेची एवढी चौकशी मी पण केली नाही कधी." मी म्हटलं, तेच तर.

शेवटी एका ऐतवारी अनगोळ संपून परत टिळकवाडीचं तिसरं रेल्वे गेट आलं तरी माझा हात मांडीवरच होता. डॉक्टरांनी गाडी बाजूला घेतली, चष्मा पुसला, आणि मला चक्क वाकून नमस्कार केला. नमस्कार अर्थात आक्काला होता.

पुढच्या शनिवारी आम्ही निपाणीला गेलो. मला साक्षीदार म्हणून नेलं होतं. "आक्का मला दुखलं तर दुखलं म्हनंल, न दुखलं तरी दुखलं म्हनंल. तुमी तोंडाकडं बघा तिच्या."

गल्लीत दारोदार बायका सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. टेंभुर्णीच्या पानांचा आणि तंबाखूचा वास, आणि सगळ्याजणी एकाच वेळी बोलत होत्या. "जयभीम डाक्टर!" एकीनं हाक दिली, "आमच्या दाताचं कवा बघनार?" आक्काच्या दारात चारजणी होत्या. आक्का स्वतः आता वळत नाही, पण कोणाची विडी सैल झाली, कोणाच्या पोरीला कुठलं स्थळ द्यावं, हे सगळं तिच्या दारात ठरतं. लहानशी, काटक बाई. तिनं गाडीला एक फेरी मारली.

"एवढी खाली कशी रं ही? चाकं पुरली का भुईत?"

"तू बस तर आक्का."

मी मागच्या सीटवर शिरले. त्या सीटला सीट म्हणणं हा बनवणाऱ्याचा विनोद आहे. गुडघे हनुवटीला लावून मी आक्काच्या तोंडाकडे बघत बसले. आक्का दारातून खाली सरकली, पाय पुढे लांब केले, आणि तिच्या चेहऱ्यावर मोठं नवल उमटलं.

"हे बरं हाय की. भुईवर बसल्यागत हाय."

हे कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. दुकानदाराच्या नाही, मल्लाप्पाच्या नाही, माझ्या तर नाहीच. जन्मभर जमिनीवर बसलेल्या बाईचे पाय एसटीत लोंबकळायचे, जीपमध्ये ती टांगल्यासारखी व्हायची. बसकी गाडीच तिच्या अंगाला जुळणार होती. डॉक्टरांच्याही ध्यानात आलं नव्हतं, पण त्यांनी मागे वळून माझ्याकडे असं पाहिलं की जणू पहिल्यापासून हाच बेत होता.

"दुखलं तर डावा हात वर कर आक्का."

"हात कशाला? तोंड हाय की मला."

रुंदीकरणामुळे हमरस्ता जागोजागी खणलेला होता. संकेश्वरच्या आसपास तर कच्च्या रस्त्यावरूनच जावं लागलं. गाडी एखाद्या मुरलेल्या बाईसारखी तोल सांभाळत निघाली. डॉक्टर दर खड्ड्याला विचारत होते, "दुखलं?" आणि आक्का म्हणत होती, "न्हाय." हत्तरगी मागे पडली. डॉक्टर शीळ घालू लागले. काकती जवळ आली तेव्हा ते म्हणाले, "मी तुझी खोली रंगवून घेतलीय. खाट काढून टाकतो, भुईवरच गादी घालू. आता अडचन काय ऱ्हाईली सांग."

आक्कानं डॉक्टरांच्या दंडावर हात ठेवला.

"सुख्या, गाडी बाजूला घे."

डॉक्टरांनी घाबरून गाडी कडेला घेतली. "दुखलं?"

"न्हाय रं. कंबर दुखती, पर येऊ नये एवढी कवाच दुखली न्हाय. मला यायचंच न्हवतं. तुला तोंडावर न्हाय म्हनवंना, म्हनून कंबर सांगत आल्ये." तिचा आवाज एकदम खाली आला. "तिथं उठल्यापासनं धा बायका माझ्या दारात. एक भांडती, एक रडती, एक उसनं मागती. तुझ्या बंगल्यात मी कुनाशी बोलू? तू दवाखान्यात, ह्या बाई शाळंत. मी एकटी न्हाय रं निपाणीत. उगंच माझी काळजी करतोस तू."

डॉक्टरांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. दोन ट्रक जोरात बाजूने गेले.

"तुझी काळजी न्हवं आक्का," ते म्हणाले. "मला घरात कोन न्हाय. संध्याकाळी कुलूप काढलं की आत कोन नसतंय. तेवढ्यासाठी म्हनत हुतो."

आमच्या दोन घरांत फक्त एक कुंपण आहे. त्यांच्या चक्रमपणावर मी किती हसले असेन, मोजदाद नाही, आणि हसण्यासारखं ते होतंच. पण त्या क्षणी मला इतकं वाईट वाटलं की मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

आक्कानं पदरानं आधी स्वतःचं आणि मग छप्पन्न वर्षांच्या डॉक्टरांचं तोंड पुसलं. चांगलं खसखसून, लहान पोराचं पुसतात तसं.

"गाडी फिरव," ती म्हणाली.

"कुठं?"

"निपाणीला. आज माझ्याकडं ऱ्हा. किती वर्सं झाली, तासाभराला येतोस, च्या पितोस आन् पळतोस. एवढी गाडी केलीस न्हवं? मग तू ये की तिच्यातनं."

बेळगाव तिथून हाकेच्या अंतरावर होतं. डॉक्टरांनी पुलाखालून गाडी वळवली. मागच्या सीटवर तिसरं माणूस आहे आणि त्याला टिळकवाडीत नवरा आहे, हे दोघांनाही आठवलं नाही, आणि मीही आठवण करून दिली नाही. ह्यांना फोन करून सांगितलं की आमटी फ्रीजमध्ये आहे, भात लावून घ्या.

त्या संध्याकाळी आक्कानं भाकरी आणि सुकटीचं कालवण केलं. डॉक्टरांनी दारात बसून अख्ख्या गल्लीचे दात मोबाइलच्या उजेडात बघितले. मग ते आक्काच्या शेजारी वाकळेवर आडवे झाले. मी पलीकडे एका बाईकडे झोपले.

टिळकवाडीत हा माणूस ऐतवारी पहाटे पाचला उठून गाडीखाली शिरतो. मी साडेआठला आक्काकडे गेले तर दाराला पडदा ओढलेला होता. उंबऱ्यावर आक्का बसली होती, तिच्या पुढ्यात नेहमीच्या चारजणी आणि आणखी पाच-सहा. मी "डॉक्टर उठले का?" असं विचारायला तोंड उघडलं, तर आक्कानं माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला गं," ती सगळ्यांनाच दटावत म्हणाली, "आमचा सुख्या निजलाय."

आणि ती गल्ली कुजबुजत विड्या वळत होती.