दहाव्या अव्हेन्यूवरची अस्सल भाषा

न्यूयॉर्कच्या गुंडांची भाषा आपल्याइतकी कुणालाच येत नाही, असं होरेस ट्विचेल छातीठोकपणे सांगायचा, आणि ते खरंच होतं. कारण ती भाषा तो स्वतःच तयार करायचा. सकाळी अंडं आणि कॉफी पोटात गेली की भाड्याच्या खोलीत टाइपरायटरसमोर बसायचं आणि ठरवायचं, आजपासून पिस्तुलाला 'शिंकणारी' म्हणायचं. पोलिसांना 'पितळी बटणं'. पैशांना 'पालेभाजी'. 'काळं काडतूस' या गुन्हेकथांच्या मासिकाचे वाचक दर महिन्याला ही पालेभाजी मिटक्या मारत खात होते. बाकी होरेसनं जन्मात पाहिलेला एकमेव गुन्हेगार म्हणजे व्हरमाँटमधल्या त्याच्या गावी चर्चच्या दानपेटीत नाण्याऐवजी बटण टाकणारा एक म्हातारा.

घात केला तो एका वाचकानं. तुरुंगात बसून त्यानं मासिकाला कळवलं, की आम्ही इथे इतकेजण आहोत, पण असं बोलणारा एकही नाही. संपादक मॅकग्लिंचीनं होरेसला समोर उभं केलं.

"शुक्रवारी गोष्ट आण, ट्विचेल. त्यात अस्सल बोली नसेल तर तुझ्या गोष्टींतला डिटेक्टिव्ह मी दुसऱ्या कुणाला तरी लिहायला देऊन टाकीन. जा, जरा गुंडांत बस."

डिटेक्टिव्ह गेला म्हणजे न्यूयॉर्क गेलं. मग परत गावी, मेहुण्याच्या कोंबड्यांना दाणे टाकायला! लिहून कुणाचं पोट भरलंय का, असं हा मेहुणा दर नाताळात सगळ्यांदेखत विचारायचा. त्याच्या खुराड्यात उभं राहण्यापेक्षा गुंडाची गोळी परवडली, असं होरेसला मनापासून वाटत होतं.

म्हणून मंगळवारी दुपारी टोपी डोळ्यांवर ओढून तो दहाव्या अव्हेन्यूवरच्या एका बदनाम बारमध्ये शिरला. कोपऱ्यात एक दांडगा माणूस भिंतीला पाठ लावून बसला होता. टोपी डोळ्यांवर, कॉलर वर, ओठात न पेटवलेली सिगरेट. पण पोटासाठी माणूस काय काय करतो! होरेस समोर जाऊन बसला आणि हळूच म्हणाला, "बाहेर पितळी बटणं फार चमकतायत."

त्या माणसानं डोळे बारीक केले. मग दातांतून म्हणाला, "चमकू देत. आपली मावशी झोपलीय."

होरेसला एक अक्षर कळलं नाही. पण कळलं नाही असं म्हणणाऱ्याचं इथे काय होतं, हे त्यानंच कितीतरी गोष्टींत लिहिलं होतं. त्यानं सगळं समजल्यासारखी मान हलवली आणि आपल्या दोन 'शिंकणाऱ्या' बोलण्यात सोडल्या. त्या माणसानंही गंभीरपणे मान हलवली आणि कुठल्याशा म्हातारीचा विषय काढला. अशी घटकाभर चर्चा रंगली. शेवटी तो पुढे झुकून म्हणाला, "मग ठरलं. गुरुवारी दुपारी म्हातारीला गुदगुल्या. तू आहेस ना?"

"आहे की," होरेसच्या तोंडून निघून गेलं.

घरी आल्यावर त्याला घाम फुटला. म्हातारी कोण? गुदगुल्या म्हणजे गळा दाबणं तर नव्हे? आणि न गेलं तर तो दांडगा शोधत येणार, हे नक्की. दोन रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही. गोष्ट राहिली बाजूला, बिचाऱ्या म्हातारीचा जीव वाचवणं भाग होतं. गुरुवारी सकाळी तो तडक पोलीस ठाण्यात गेला.

बाकावर तोच माणूस बसला होता.

होरेसनं दोन्ही हात वर केले. तो दांडगाही ताडकन उठला आणि त्यानंही हात वर केले. टेबलामागे सार्जंट डीगन सँडविच खात होता. त्यानं ते संपवलं आणि मग दोघांना विचारलं, की कोण कुणाला लुटतंय?

"तो माणूस एका म्हातारीला गुदगुल्या करणार आहे," होरेस म्हणाला.

"आणि हा शिंकणाऱ्या घेऊन येणार आहे," दुसरा म्हणाला. "म्हणजे काय ते मला माहीत नाही. पण फार भयंकर असणार."

सार्जंटनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि थकलेल्या आवाजात विचारलं, "कुठल्या मासिकाचे तुम्ही?"

तो दांडगा माणूस निघाला क्लॅरन्स ओबरहोल्ट, गोष्टी लिहिणारा, आणि त्याच्याही संपादकानं त्याला गुंडांत बसायला धाडलं होतं. म्हातारी म्हणजे तिजोरी, आणि मावशी म्हणजे रखवालदार. हे सगळं त्याला घरी दाढी करताना सुचलं होतं. सार्जंट म्हणाला, गुंड आता त्या बारकडे फिरकतच नाहीत. सगळ्या खुर्च्या लेखकांनी अडवलेल्या, ते बसणार कुठे?

होरेसला रडूच यायचं बाकी होतं. शुक्रवार उद्यावर आला होता. "मग खरे गुंड बोलतात तरी कसे, सार्जंटसाहेब?"

"बोलतात कसले! इतक्या वर्षांत मी एकच वाक्य ऐकलंय. खून असो की दरोडा. 'साहेब, मी नव्हतोच तिथं. मी आईकडे जेवायला गेलो होतो.'"

होरेसचा चेहरा उजळला. अखेर एक तरी ओळ अस्सल मिळाली! बाकीची उणीव दोघांनी ठाण्याच्या पायऱ्यांवर बसून भरून काढली. त्यानं ओबरहोल्टला शिंकणाऱ्या दिल्या, ओबरहोल्टनं त्याला म्हातारी आणि मावशी दिली, आणि दोघं आपापल्या टाइपरायटरकडे पळाले.

शुक्रवारी मॅकग्लिंची वाचत होता आणि होरेस श्वास रोखून उभा होता. एकेक पान उलटताना संपादकाची मान डोलू लागली.

"वा, ट्विचेल! म्हातारीला गुदगुल्या! मावशी झोपलीय! हे काय घरी बसून सुचतं होय? गुंडांत बसल्याचा फरक कळतो बघ. डिटेक्टिव्ह तुझ्याकडेच राहू दे."

होरेसनं सुटकेचा निःश्वास सोडला. मॅकग्लिंचीनं शेवटचं पान उलटलं, आणि त्याची निळी पेन्सिल पकडलेल्या दरोडेखोराच्या तोंडच्या वाक्यावर थांबली.

"एवढी एक ओळ मात्र काढ. सगळं इतकं अस्सल जमलंय, आणि हा बाबा एकदम आईकडे जेवायला कुठे निघाला? गुंड असं बोलतात का कधी?"

"नाही बोलत, साहेब," होरेस म्हणाला आणि निमूटपणे त्यानं ती ओळ खोडली.