तात्यांच्या नावाची किंमत

एका जंगलात, म्हणजे आपल्या नव्हे बरं का बाळांनो, आपल्याकडे असलं काही होत नाही, एक साळिंदर राहायचं. सगळे त्याला तात्या म्हणत. साप चावला की तात्या टेकडीवर जायचे, नखांनी एक कडू मुळी उकरायचे, वाटून पाजायचे. चावलेला उठून घरी जायचा. इतकी साधी गोष्ट.

पण साधं असलं की कोल्ह्याला चैन पडत नाही.

गजाभाऊ कोल्हा आला नि म्हणाला, "तात्या, आपण औषधांची कंपनी काढू. तुमची मुळी दोन कवड्यांची हो! खरी दौलत तुमचं नाव."

तात्या चढले हरभऱ्याच्या झाडावर. घरी बायको सगुणा म्हणाली, "अहो, नाव काय वाटून पाजणार?" पण बायकांचं ऐकतो कोण!

गजाभाऊंनी हिशेबाची वही उघडली. मुळ्या, पाटा, वरवंटा एका बाजूला. ते झिजतात, म्हणून दर वर्षी त्यांची किंमत कमी करायची. नाव दुसऱ्या बाजूला. ते झिजत नाही. पोपट दर पुनवेला रानभर फिरून विचारायचा, "तात्यांचं नाव ऐकलंय?" जितके हो, तितकी किंमत. पहिल्या वर्षी शंभर मडकी मध. दुसऱ्या वर्षी तीनशे. बरं झालं की नाही, हे पोपट विचारत नसे. आणि जे मेले, ते 'नाही' म्हणायला येतात थोडेच!

तात्यांनी उकरणं सोडलं. मोठ्या नावाच्या प्राण्याने माती उकरायची? शोभतं का? त्यांनी नखं कापून घेतली, गुळगुळीत.

चौथ्या वर्षी नाव तीन खोऱ्यांतून दिसावं म्हणून टेकडी साफ केली नि वर भलामोठा फलक उभा केला. त्यावर एकच शब्द, 'तात्या'. किंमत नऊशे मडकी!

आणि त्याच आठवड्यात सगुणाला घोणस चावली.

तात्यांच्या तोंडचं पाणी पळालं. धापा टाकत ते कंपनीत शिरले. "गजाभाऊ, मुळी द्या! लवकर!"

गजाभाऊंनी वही चाळली. "मुळ्या? त्या गेल्याच वर्षी शून्यावर आल्या, तात्या. पण नाव बघा ना, नऊशे!"

तात्या टेकडीवर धावले. नखं नव्हती, तरी उकरत राहिले. बोटांतून रक्त आलं. खाली लागले फक्त फलकाचे खांब.

परत आले तेव्हा सगुणाचे डोळे मिटत होते. "राहू द्या हो," ती म्हणाली. "दमला असाल." आणि गेली बिचारी.

अख्खं जंगल भेटायला लोटलं. पोपटाने तिथल्या तिथे विचारून घेतलं. तेराव्याला गजाभाऊ वही घेऊन हजर.

"फार वाईट झालं, तात्या. वहिनी म्हणजे देवमाणूस. इथे जरा सही करा. बाराशे झालेत."

तात्यांनी डोळे पुसले. आकड्याकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग हळूच विचारलं,

"तेराशे का नाही?"

तात्पर्य : बाळांनो, औषध संपतं, रोगी संपतो, घरचं माणूसही संपतं, वाढत राहतं ते फक्त नाव. म्हणून साप चावला तर वेड्यासारखी मुळी मागू नका. वहीचं चालू वर्षाचं पान मागा, आणि तेच चाटा.