भरती की ओहोटी?

मोघम बोलणं मला खपत नाही! 'जवळच', 'जरासं', 'आलोच' असं कुणी म्हटलं की मी लगेच विचारतो, म्हणजे किती? म्हणजे कधी? मी गावच्या शाळेत मास्तर आहे आणि मुलं मला याचसाठी टरकून असतात. तेव्हा लितियानाला मागणी घालायला जायची सगळी आखणी मीच केली. तिचे वडील सेरू पलीकडच्या बेटावर राहतात. त्यांचा निरोप होता : दुपारच्या जेवणाआधी या, नंतर आलात तर आल्या पावली परत जा.

आदल्या दिवशी इसिकेलीकाकांकडे यांगोनाच्या मुळीचं पेय प्यायला बसलो. आमच्याकडे वाढणारा करवंटी बुडवताना विचारतो, भरती की ओहोटी? भरती म्हणजे काठोकाठ, ओहोटी म्हणजे अर्धी. पाच-सहा करवंट्यांनी माझी जीभ जड झाली होती. तेवढ्यात मागून आवाज आला, "मास्तर, भरती की ओहोटी?"

"ओहोटी," मी मान न वळवता म्हणालो.

दुसऱ्या दिवशी भरती आली आणि गेली, पण नावेचा पत्ता नाही. मोसेसे नावाडी उगवला तो अकरा वाजता! सेरूंच्या गावासमोर पोचेस्तोवर पाणी पार आटलं आणि नाव प्रवाळावर रुतून बसली. सोबत आलेल्या काकांनी मागणीचा देवमाशाचा दात डोक्यावर धरला, मी कमरेला गुंडाळलेला इस्त्रीचा सुलू गुडघ्यांच्या वर खोचला आणि निघालो चालत. नव्या चपला चिखलाने गिळल्या. किनाऱ्यावर अख्खा गाव बघत उभा होता. सेरूंच्या घरात जेवणाच्या चटया अंथरायला लागले होते. मला अगदी रडू येत होतं.

सेरूंनी आम्हाला पायांपासून वर न्याहाळलं. "ओहोटीत मुलगी मागायला कोण येतं?"

"मास्तरांनीच सांगितलं," मोसेसे म्हणाला. "काल दारातून विचारलं ना मी!"

माझ्या डोक्यात आत्ता कुठे प्रकाश पडला. "अरे, मी करवंटीचं बोलत होतो!"

मग सेरूंचं पोट हलायला लागलं. हसता हसताच त्यांनी काकांच्या हातून दात घेतला. दात घेतला म्हणजे मुलगी दिली. पडद्यामागे लितियाना खुदकन हसली आणि माझा जीव भांड्यात पडला.

मग सेरूंनी स्वतः करवंटी बुडवली. "बोला जावईबापू, भरती की ओहोटी?"

मी आधी समुद्राकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"कशाची?" मी विचारलं.