कपाटावरचं 'नाळे बा'

भूमच्या मातीत दोनच गोष्टी पिकतात, ज्वारी आणि बुद्धी. पैकी ज्वारीला पाऊस लागतो, असं इंद्रजितराव स्वतःची ओळख करून देताना सांगत. वजनमापे खात्यातून निवृत्त होऊन ते मुलाकडं, कर्नाटकच्या सीमेवरच्या मुरुमला आले आणि गुप्तहेर झाले. त्यांच्या तावडीतून आजवर एकही गुन्हेगार सुटला नव्हता, कारण एकही सापडला नव्हता.

त्यांचा साहाय्यक संघपाल मास्तर. बेंबळीचा, इथं शाळेवर बदलून आलेला. आजोबांनी धम्म घेताना देवांबरोबर भुतंही सोडली होती, त्यामुळं घरात भुताचं नाव निघत नसे आणि मास्तरला नेमकं भुतांचंच वेड. दर रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत जुन्या भयकथांचं मंडळ भरे. तिथं कथा वाचत नसत, तिचा कीस काढत. 'दार करकरलं' या वाक्यावर अख्खा श्रावण गेला होता: दार आपण होऊन करकरलं, की कुणी करकरवलं? मास्तर या बैठकीच्या जिवावरच आठवडा ढकलायचा.

मंडळात चाललेल्या भुताच्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण तेवढं उरलं आणि बुधवारी टेबलावरून कादंबरीच गायब झाली. अध्यक्ष कल्याणप्पांनी फोनवरच सुनावलं, "रविवारपर्यंत पुस्तक न्हाय मिळालं तर मंडळ बंद. खोली शिवणक्लासला देतो." मास्तरनं इंद्रजितरावांना बोलावून आणलं.

पुरावा एकच होता. भिंतीतल्या कपाटाच्या दारावर खडूनं लिहिलं होतं: नाळे बा.

"हात लावू नका, ठसे पुसतील!" इंद्रजितरावांनी त्यावर वर्तमानपत्र चिकटवलं. "गावात कुणाला दाखवायचं न्हाय, मास्तर. अख्खं मुरुम संशयित हाय."

गुरुवारी त्यांनी कागद उचलून ते दोन शब्द भिंगातून वाचले. "नाळ, आन् बा म्हंजे बाप. चोराचा बापाशी वाद हाय. जन्मापासूनचा." मग म्हणाले, "आज इतकंच. उद्या येऊ."

शुक्रवारी पुन्हा वाचले. "मजकूर अर्धवट हाय. 'नाल्याजवळ बाभळ' लिहायचं होतं, खडू संपला." नाल्याजवळच्या बाभळीखाली दोघांनी खणलं. एक चप्पल निघाली, डाव्या पायाची. "उद्या येऊ."

शनिवारी ते गरजले, "बा म्हंजे बलभीम!" बलभीम समोरचा चहावाला. त्यानं ऐकून घेतलं आणि मंडळाचा चहा बंद केला.

"साहेब, कपाट एकदा उघडून बघू का?" मास्तरनं भीत भीत विचारलं.

"उघडणं हे अडाण्याचं काम. आपण वाचायचं."

रविवारी मंडळ जमलं. कल्याणप्पा शिवणक्लासच्या बाईंना खोलीची मापं दाखवत होते, आणि मास्तरला रडू यायचंच बाकी होतं. एवढ्यात मंडळाच्या सभासद पार्वतम्मा माहेराहून, सीमेपलीकडच्या आळंदहून, एसटीतून उतरून थेट आल्या. त्यांनी वर्तमानपत्र टरकन काढलं, कपाट उघडलं आणि आतून कादंबरी काढून टेबलावर ठेवली.

"अक्का!" मास्तर ओरडला. "ही आत होती?"

"व्हय की. बुधवारी खिडकीतून शेळी आलती, पुठ्ठा खात होती. म्हणून आत ठेवले."

"आणि हे लिहिलंय ते?" इंद्रजितरावांचा आवाज जरा बारीक झाला होता.

"गंमत की ओ! कानडी हाय. नाळे बा, म्हंजे उद्या ये. पुस्तकात भूत हाय ना, म्हणून दारावर लिहिले. भूत येतंय, वाचतंय, उद्या येऊ म्हणून परत जातंय. दुसऱ्या दिवशी पुन्हा येतंय, पुन्हा वाचतंय, पुन्हा जातंय."

कल्याणप्पांनी हसू दाबत विचारलं, "मग दार कधी उघडतंय?"

"उघडतंय कुठलं! वाचण्यातच त्याचा जन्म जातंय."

सगळे इंद्रजितरावांकडं बघत होते. शिवणक्लासच्या बाईंनी टेप गुंडाळून पिशवीत टाकला.

"जोर 'उद्या'वर आहे की 'ये'वर," इंद्रजितराव खाकरून म्हणाले, "हे तपासावं लागेल."

मास्तरनं शेळीनं कुरतडलेलं पुस्तक ओढून घेतलं, कुणालाही न विचारता शेवटचं प्रकरण उघडलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.