टोपी घाल म्हणावं

गोठलेल्या समुद्रावर स्नोमोबाईल बंद पडली तेव्हा आयसाने आधी यंत्राला शिव्या घातल्या, मग थंडीला आणि शेवटी स्वतःला. जुना स्पार्क प्लग जळाला होता आणि नवा घरीच राहिला होता. वारा किनाऱ्याकडून सुटलेला. पायाखालचा बर्फ तुटून समुद्रात वाहत निघायला वेळ लागणार नव्हता. त्यात घरी बायकोचे, सियासीचे, दिवस भरलेले.

नशीब, खिशात शिकारी संघाचा सॅटेलाइट फोन होता. “पृथ्वीच्या पाठीवर कुठेही लागतो,” असं दुकानदार नोहाने छातीठोकपणे सांगितलं होतं. आयसाने घरचा नंबर लावला. आधी स्वतःचाच श्वास लांबून परत आला. मग सियासीचा आवाज आला, डब्यातून बोलल्यासारखा.

“आई आली तुझी.”

आयसाला भरून आलं. आई, अकिनिसी, मागच्या हिवाळ्यात गेली होती. बाळाला गेलेल्या माणसाचं नाव द्यायचं आणि मग त्याच नात्याने हाक मारायची, ही गावची रीत. मुलगी झाली तर ती आईच, हे ठरलेलं होतं.

“सुखरूप ना गं? कशी दिसते?”

“दात नाहीत, पण तोंड बंद नाही. आल्या आल्या घर डोक्यावर घेतलंय.”

“हुबेहूब आई!”

“चहा मागतेय. बूट घालून पलंगावर चढलीय.”

आयसा हसता हसता थांबला. आज जन्मलेलं पोर बूट घालतं?

“तुला निरोप आहे. टोपी घाल म्हणतेय, मेल्या.”

फोन बंद झाला. सियासी त्याला ‘मेल्या’ कधीच म्हणत नसे.

आईने विणलेली टोपी सीटखाली कोंबलेली होती. त्याने ती ओढून काढली. अस्तरात काहीतरी टोचलं. कोरा प्लग! तिने कधी शिवून ठेवला होता, देव जाणे. मागे बर्फ कडाडला. आयसाने आधी टोपी घातली, मग प्लग बसवला.

सियासी दारातच उभी होती, पोट हनुवटीला टेकलेलं.

“कुठे उलथला होतास? फोन तरी करायचा!”

“केला की! तूच तर बोललीस!”

“मी? मी सकाळपासून सुईणीकडे होते, आत्ता आले. घरात कुणी नव्हतं. आणि पलंगावर ओले बूट घेऊन कोण चढलं होतं रे?”

उत्तर ऐकायला ती थांबली नाही. कळ आली होती.

संध्याकाळी मुलगी झाली. तिला दात नव्हते, पण तोंड बंद नव्हतं. आयसाने घाईघाईने स्वतःची टोपी कानांवर ओढली. तशी पोरगी गप्प झाली.

“काय, लागला ना फोन?” नोहाने दुसऱ्या दिवशी विचारलं. “पृथ्वीच्या पाठीवर कुठेही, बोललो होतो की नाही?”

“तू कमीच सांगितलंस,” आयसा म्हणाला. दुकानात शेगडी रसरसत होती, तरी त्याने टोपी काढली नाही.