शांततेचा बंदोबस्त

सूनबाई रात्रपाळी करून सकाळी घरी आली की सासूबाईंच्या तोंडाला कुलूप लागत असे. ही मुलाची ताकीद होती. "आई, ती रात्रभर अतिदक्षता विभागात उभी असते. दिवसा तिला झोप मिळायला हवी. तेवढं आवाजाचं बघ," असं सांगून चिरंजीव ऑफिसला जात आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकल्यासारखे तासातासाला मेसेज पाठवत, 'झोपली का?'

आता सासूबाई अशा, की भाजी चिरताना भाजीशीसुद्धा बोलत. त्यांच्या हातून भांडं एकटं कधी पडत नसे, झाकण सोबत घेऊनच पडे. गेले दोन आठवडे त्या जमेल तितकं स्वतःला आवरत होत्या. पण काल दुपारी पातेल्यावरचं झाकण निसटलं आणि गरगरत थेट झोपायच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन आपटलं. संध्याकाळी मुलाने सहज विचारलं, "आई, तुला इथे अवघडल्यासारखं होतंय का? परतीचं तिकीट काढू?"

मुलाच्या मनात काही नव्हतं, पण सासूबाईंना वाटलं, आपल्या हातावर नारळच ठेवला. यजमान गेल्यापासून त्यांच्या घरात बोलायला फक्त भिंती उरल्या होत्या आणि भिंतींना कान असले तरी तोंड नसतं. त्यांना परत जायचं नव्हतं. पण 'मला ठेवून घ्या' असं आपल्या तोंडाने म्हणणार कसं? त्यापेक्षा आज सुनेला अशी गाढ झोप मिळवून द्यायची की तिनेच म्हणावं, आई, राहा.

सून आली ती पाय ओढतच. तिचे दोनच लाड होते. एक, कोमट पाण्याच्या टबात पाय बुडवून प्यायचा मोठा कपभर चहा. आणि दुसरा, नवऱ्याचा विटलेला, ढगळ टी-शर्ट घालून पांघरुणात शिरणं.

"दमलीस ना गं?" सासूबाई कुजबुजल्या.

"आई, घसा बसलाय का तुमचा?"

"छे! झोप तू आता."

"झोपायलाच हवं. आज रात्री दोघीजणी रजेवर आहेत. झोप झाली नाही तर पेशंटच्या शेजारच्या पलंगावर मलाच आडवं करतील," म्हणत सून आत गेली आणि तिने काळा पडदा ओढून घेतला.

सासूबाईंनी आधी फोन बंद केला. मग आवाज न होणारं काम म्हणून कांदे चिरायला घेतले. इतकं शांत बसल्यावर त्यांना भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. त्यांनी घड्याळ उतरवून त्यातला सेल काढला. आत पलंग करकरला. सुनेने कूस बदलली होती.

'या मेल्या फ्रिजनेच,' सासूबाई मनात म्हणाल्या आणि त्यांनी फ्रिजचं बटण बंद केलं. घरघर थांबली. आत सून खोकली.

सासूबाईंनी दाराशी जाऊन कानोसा घेतला. टेबलफॅन खडखडत होता. चोर सापडला! त्या चवड्यांवर आत गेल्या आणि त्यांनी फॅन बंद केला. सुनेने एक डोळा उघडला.

"काय झालं?"

"काही नाही, काही नाही. झोप हं बाळ."

बाहेर येऊन सासूबाईंनी कपाळावर हात मारला. घरातले सगळे आवाज संपले तरी हिला झोप कशी लागेना? एवढ्यात वरच्या मजल्यावरून ठक् ठक् सुरू झालं. खरा चोर तर वर बसला होता! त्या तडक जिना चढल्या. वरचे मास्तर निवृत्त झाल्यापासून भिंतीत खिळे ठोकत. आत्ताही ते हातात हातोडा घेऊनच दारात आले. पाहतात तो समोर सासूबाई, डोळ्यांतून कांद्याचं पाणी वाहतंय, ओठांवर बोट. सासूबाईंनी खाली बोट दाखवलं, मान तिरकी केली, दोन्ही हात गालाखाली घेतले आणि डोळे मिटले.

मास्तरांचा चेहरा उतरला. "कोण? सिस्टर?"

सासूबाईंनी मान हलवली.

"अरेरे! कधी?"

"आत्ताच हो. ड्यूटीवरून आली, चहा प्यायली आणि पाच मिनिटांत."

"असं एकाएकी?"

"रात्रभर उभी होती बिचारी. आता तरी तिला शांतता मिळू दे."

मास्तरांनी हातोडा हळूच जमिनीवर ठेवला. "तुम्ही खाली जा," ते हात जोडून म्हणाले. "बाकीचं माझ्यावर सोडा."

किती समजूतदार माणूस, असं म्हणत सासूबाई खाली आल्या. मास्तरही शब्दाचे पक्के. समोरच्या टेलरबाईंचं शिलाई मशीन बंद झालं. रेडिओ थांबले. पाण्याचा पंपसुद्धा कुणीतरी बंद केला. थोड्या वेळाने मास्तर, टेलरबाई आणि मजल्यावरची चार-पाच मंडळी चपला बाहेर काढून आत आली आणि मान खाली घालून बैठकीत उभी राहिली. हे लोक का आले, ते सासूबाईंना कळेना. पण विचारायचं म्हणजे बोलावं लागणार! त्यांनी खुणेनेच सगळ्यांना बसायला सांगितलं. कुणी बसलं नाही. टेलरबाईंनी पदराने डोळे पुसले. सासूबाईंना वाटलं, हिच्याही घरी आज कांदाच असावा.

घरात टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

त्याच क्षणी झोपायच्या खोलीचं दार धाडकन उघडलं. केस पिंजारलेले, एका पायात मोजा, अशी सून धावत बाहेर आली आणि ओरडली, "कोण गेलं?"

टेलरबाईंनी किंकाळी फोडली. मास्तर मटकन खुर्चीत बसले.

"नातेवाइकांनी बाहेर थांबा!" सून म्हणाली आणि तिने मास्तरांचं मनगट पकडून नाडी मोजायला घेतली. नाडी सुसाट धावत होती. ती मोजता मोजताच सुनेला पुरती जाग आली. "आपण माझ्या घरी आहोत ना?"

"आहोत," मास्तर कसेबसे म्हणाले. "आणि तुम्हीही आहात, हे फार बरं झालं."

मग सगळा उलगडा झाला. मंडळी आधी ओशाळली, मग पोट धरधरून हसली आणि आपापल्या घरी गेली. सासूबाई मात्र कोपऱ्यात चोरासारख्या उभ्या होत्या. संपलं सगळं, त्यांना वाटलं. झाकणाने झाली नाही इतकी झोपमोड आज आपण कष्ट घेऊन केली.

"चुकलं गं माझं. तुला झोप लागावी म्हणून सगळं बंद केलं."

"अहो आई, म्हणूनच तर उठले! आमच्याकडे मशीनची टुकटुक चालू असेपर्यंत सगळं ठीक. आवाज थांबला की धावायचं. तुम्ही यायच्या आधी हे घर इतकं गपगार असायचं की मी सारखी दचकून जागी व्हायचे. गेले दोन आठवडे कुठे धड झोपतेय. तुमची भांडी, तुमचं भाजीला रागावणं. ऐकू आलं की बरं वाटतं, घरात सगळे धडधाकट आहेत."

"अगं, पण काल ते झाकण..."

"कुठलं झाकण?"

सासूबाईंनी मान वळवून ओट्यावरच्या त्या झाकणाकडे पाहिलं.

"आणि हे तिकिटाचं म्हणत होते. कशाला जाता? राहा ना आई. मला खरंच आवडतं तुम्ही असलात की."

सासूबाईंचे डोळे भरून आले आणि या वेळी कांदे दूर ओट्यावर होते. त्यांनी सुनेला पांघरुणात घातलं, घड्याळात सेल टाकला, फ्रिज आणि फॅन चालू केला, मास्तरांना निरोप धाडला आणि घासलेलीच भांडी परत घासायला काढली. कांद्याच्या तिखटपणाबद्दल त्याची चांगली कानउघाडणीही केली. टेलरबाईंचं मशीन सुरू झालं, वर ठक् ठक् सुरू झालं आणि आतून सुनेचं घोरणं ऐकू येऊ लागलं.

दुपारी मेसेजला उत्तर नाही म्हणून घाबरलेले चिरंजीव अर्धी रजा टाकून घरी आले. बूट हातात, श्वास रोखलेला.

"आई," तो कुजबुजला, "झोपली का?"

"झोपलीय. पण तू हा असा मांजराच्या पावलांनी काय येतोस? उठेल ना ती! बाहेर जा आणि दार आपटून नीट आत ये."

"आई, तू बरी आहेस ना?"

"जातोस की नाही?"

तो बिचारा बाहेर गेला आणि त्याने दार असं काही आपटलं की वरची ठक् ठक् दचकून थांबली.

सासूबाई लगबगीने जिन्यात गेल्या आणि खणखणीत आवाजात ओरडल्या, "अहो मास्तर, थांबू नका!"