एक लँडिंग कमी

माणसाला एखादे काम येते की नाही, हे त्याला विचारून किंवा ते काम करताना पाहून कधीच कळत नाही. त्यासाठी वेगळे कार्यालय असावे लागते, आणि पुण्याच्या सुदैवाने ते आहे. हवाई परवाने पडताळणी कार्यालय (दुसरा मजला, लिफ्ट बंद) आहे म्हणूनच आपल्या डोक्यावरून जाणारी विमाने कागदोपत्री तरी सुरक्षित आहेत.

विंग कमांडर संपत तुपे या कार्यालयात पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना वाटले, काम तासाभराचे आहे. एकोणीस वर्षे हवाई दलात लढाऊ विमान चालवलेला माणूस. चव्वेचाळिसाव्या वर्षी रीतसर निवृत्ती घेऊन प्रवासी विमानावर जायचे ठरवलेले. ‘सुखयान एअरलाइन्स’ने पत्रही दिले होते: एक जुलै दोन हजार एकोणीसला प्रशिक्षणाची तुकडी सुरू होईल, त्याआधी परवाना हजर करावा, न केल्यास जागा पुढच्या उमेदवाराला जाईल. दलातले क्वार्टर जूनअखेर सोडायचे होते, मुलगी बारावीत होती. परतीचे दोर त्यांनी स्वतःच्या हाताने कापले होते.

लढाऊ वैमानिकाला प्रवासी विमान झेपेल का, ही शंका कार्यालयाला येणे रास्तच होते. लढाऊ विमानात मागे बसून पाणी मागणारे कोणी नसते. म्हणून संपतरावांनी ढगांच्या प्रकारांवर परीक्षा दिली (ज्या ढगांतून ते एकोणीस वर्षे गेले त्यांची नावे त्यांना नीट येत नव्हती, ढगांनाही येत नसावीत). डोळे, कान, दात तपासून घेतले. वर्तणुकीचा दाखला आणला, रहिवासाचा दाखला आणला, आणि रहिवासाचा दाखला खरा असल्याचा दाखलाही आणला.

मग फाइल सुनीतीबाईंच्या टेबलावर गेली. सुनीतीबाई म्हणजे कार्यालयाच्या वरिष्ठ सहायक, कार्यालयाचा कणाच म्हणा ना. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकाही चुकीच्या माणसाला परवाना मिळू दिला नव्हता. बरोबर माणसांनाही फारसा मिळू दिला नव्हता, पण ती आकडेवारी ठेवण्याची पद्धत नाही.

त्यांनी लॉगबुकाच्या दोन दिवस बेरजा केल्या आणि चष्म्यावरून पाहिले.

“अहो तुपे, आपली उड्डाणं दोन हजार तीनशे सोळा.”

“हो, मॅडम.”

“आणि लँडिंग दोन हजार तीनशे पंधरा.”

“एकदा विमान पेटलं होतं. दोन हजार नऊ साली. मी पॅराशूटनं उतरलो.”

“ते आपलं झालं. विमानाचं काय?”

“ते पडलं.”

“पडण्याला रकाना नाही,” सुनीतीबाई शांतपणे म्हणाल्या. “म्हणजे त्या दिवशी आपण वर गेलात, आणि कागदोपत्री अजून वरच आहात.”

आता घ्या! दहा वर्षे हवेत असलेला माणूस समोरच्या खुर्चीत बसून घाम पुसत होता. पण कार्यालय भावनेवर चालत नाही. दहा वर्षांचे तास होतात सत्याऐंशी हजार सहाशे (लीप वर्षांचे जादा दिवस उमेदवाराच्या विरोधात जाऊ नयेत म्हणून सोडून दिले). परवान्याला लागतात दीड हजार. संपतरावांचा चेहरा क्षणभर खुललादेखील. पण वैमानिकाने सलग किती तास उडावे यालाही मर्यादा असते, आणि ती इतकी राजरोस मोडणाऱ्याला परवाना कसा देणार?

आपण जमिनीवर असल्याचा पुरावा आणायला संपतराव लोणी काळभोरला गेले. ज्यांच्या उसात ते पडले होते त्या मथुराबाई अजून ठणठणीत होत्या.

“व्हय तर! म्या सोताच्या डोळ्यांनी बघितलं,” त्या म्हणाल्या. “वरनं आला, उसात पडला अन् पानी मागितलं. वरच आसता तर माझ्याकडं पानी मागितलं आसतं व्हय?”

हा बिनतोड युक्तिवाद, अंगठ्यासह, कार्यालयाने स्वीकारला नाही. तलाठ्याचा जुना पंचनामा मात्र वाचण्यात आला. त्यात ‘एक इसम उसात आढळला, ऊस मोडला’ एवढीच नोंद होती. ऊस मोडला याचा अर्थ विमान उतरले असा होत नाही, असा शेरा सुनीतीबाईंनी लाल शाईने मारला.

संपतरावांच्या नाकी नऊ आले. शेवटी धावून आले दलातले जुने मित्र कॅप्टन मेहबूब शेख. निवृत्तीनंतर ते दोन आसनांच्या छोट्या विमानावर पोरांना शिकवत. “मी उडवतो, तू फक्त उतरव,” ते म्हणाले, आणि तसेच झाले. संपतरावांच्या नावावर उड्डाण न करता एक लँडिंग चढले. दोन्ही बेरजा जुळल्या. सुनीतीबाई हसल्या (नोकरीतील तिसरी नोंद).

यात मेहबूबभाईंचे एक लँडिंग कमी पडले, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आले असेलच. ते त्यांनी पुढच्याच आठवड्यात एका विद्यार्थ्याच्या गळ्यात घातले, त्याने दुसऱ्याच्या. सध्या ते देशात नेमके कोणाकडे आहे याची खात्रीशीर माहिती उपलब्ध नाही.

जून संपायला चार दिवस होते. संपतराव पेढे घेऊन गेले.

“हे एक राहिलंय,” म्हणत सुनीतीबाईंनी फाइलच्या तळातून एक पिवळा कागद काढला. शांतिसागर गृहरचना संस्था, हडपसर, यांची दोन हजार नऊ सालची, विमान पडले त्याच दिवसाची तक्रार होती. ‘आज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी एक लष्करी विमान आमच्या इमारतीवरून अत्यंत खालून, धूर सोडत गेले. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवर काजळी बसली. वैमानिकास कडक समज द्यावी.’ खाली सत्तावीस सह्या.

“तक्रार प्रलंबित असताना परवाना देता येत नाही. लेखी दिलगिरी द्या, आणि संस्थेची पोच आणा.”

घरी विजयमालाबाईंनी तो कागद नवऱ्याच्या हातातून घेऊन वाचला. मग पुन्हा वाचला.

“विमान हडपसरवर पेटलं होतं?”

“हो.”

“आणि तुम्ही उडी मारलीत लोणीला?”

“बाहेर पड, असा हुकूम आला होता. पण खाली घरं होती गं. पुढच्या दगडखाणीपर्यंत न्यायला एक्केचाळीस सेकंद लागले.”

विजयमालाबाईंनी कागद खाली ठेवला. दहा वर्षे त्या समजत होत्या की विमान पेटले आणि नवरा लगेच सुटला. “पेटत्या विमानात एक्केचाळीस सेकंद! मला सांगावंसं नाही वाटलं? आमचा विचार नाही आला मनात?” त्या रडल्या, चिडल्या, मग त्यांना नवऱ्याचा इतका अभिमान वाटला की पुन्हा रडल्या. “लिहा. हे सगळं लिहा त्यांना.”

“अर्जात तास आणि मिनिटं आहेत, विजू. सेकंदांचा रकाना नाही.”

हे खरेच होते. नियमाप्रमाणे पूर्ण मिनिट न भरल्यास सेकंद सोडून द्यावेत.

संपतरावांनी लिहिले: ‘सदर दिवशी विमान आपल्या इमारतीवर न ठेवता पुढे नेल्यामुळे जो आवाज व धूर झाला, त्याबद्दल मी दिलगीर आहे. यापुढे असे होणार नाही.’

शांतिसागरच्या कार्यकारिणीने त्यावर दीड तास चर्चा केली. ‘कुरडयांचा स्पष्ट उल्लेख नाही’ असा आक्षेप दोघांनी नोंदवला. अखेर, पुढील वेळी विमान बाजूने न्यावे अशी सूचना करून, पाच विरुद्ध दोन मतांनी दिलगिरी मोठ्या मनाने स्वीकारण्यात आली. अठ्ठावीस जूनला, महिन्यातील कामकाजाच्या शेवटच्या दिवशी, पाच वाजायला दहा मिनिटे कमी असताना संपतरावांच्या हातात परवाना पडला.

आता ते सुखयानचे वैमानिक आहेत. विमान हडपसरवरून जाते तेव्हा ते एकदा खाली पाहतात आणि उंची पुरेशी असल्याची खात्री करून घेतात.

फाइल मात्र अजून बंद झालेली नाही. सत्तावीसपैकी सव्वीस सह्यांची ओळख पटली, एक सही लागत नाही. ज्याला विमानाचा धूर दिसला, पण विमान पेटले आहे हे दिसले नाही, असा कोणी सुशिक्षित गृहस्थ असावा, एवढाच कार्यालयाचा अंदाज आहे. आपण त्या साली हडपसरला राहत नव्हतात, हे मान्य. तरी सवडीने येऊन सही एकदा पाहून जावी, आपलीच वाटण्याची बरीच शक्यता आहे.

(दुसरा मजला. लिफ्ट अजून बंद आहे. तक्रार कोणी केलेली नाही.)